विश्रांती : तीन तास

पानं मोजायची सवय बोटांना लागली की सुटत नाही.
कामगार कचेरीत माझ्या समोर बसून थावरी
टेबलावरचे कागद दहादहाने जुळवत होती,
कोपऱ्याला कोपरा, जणू देठं एका बाजूला.
मिर्यांगात पेरिल्याची जुडी अशीच बांधतात :
दहा पानं, वर दोरा.
पेटीत शंभर जुड्या, दिवसाला पंधरा पेट्या.

मी दुभाषी. पगार मिळतो तो तोंडाचा,
मताचा नाही.
कंपोंग चामहून लग्न करून आले, चौदा वर्षं झाली.
स्वप्नं आता कोरियनमध्ये पडतात,
भांडण मात्र अजून ख्मेरमध्येच सुचतं.

करार दोन भाषांत. डावीकडे त्यांची, उजवीकडे आमची.
आमच्यात त्याला केच-सन्या म्हणतात,
काम आणि वचन, एका शब्दात शेजारी.
कलम चार : काम आठ तास.
कलम पाच : विश्रांती तीन तास.
ग्वाकसाहेब म्हणाले, साडेसहा ते साडेपाच, अकरा.
अकरातून तीन गेले, आठ उरले. चोख हिशेब.
थावरी म्हणाली, विचार त्यांना,
ते तीन तास ठेवलेत कुठं?
मी विचारलं.
‘कुठं’वर जोर तिनं दिला होता तेवढाच दिला,
गुंजभरही जास्त नाही.

मग तिनं वही काढली. शाळेची, वर ससा.
तपासनीस मा बाईंनी ती आडवी धरली, उभी धरली,
ही नक्षी आहे का, म्हणाल्या.
नक्षी नव्हे, आमचे आकडे.
दुपारभर मी आकडे सांगत गेले, त्या टंकत गेल्या.
सहा पंचवीस. बारा दहा. बारा पस्तीस. पाच पन्नास.
सहा वीस. बारा पंधरा. बारा पस्तीस. सहा पाच.
ग्वाकसाहेबांनी आधी हरकत घेतली,
मग चष्मा पुसला,
मग नुसते बसून राहिले.
एका रविवारी फक्त शून्य होतं,
मोठं, पेन दोनदा फिरवून काढलेलं.
ते कसं वाचायचं मला कळेना.
म्हटलं, सुट्टी.

उठता उठता तिला आठवलं.
पेरिल्यावर रात्रभर दिवे असतात, ती म्हणाली.
अंधार मिळाला की झाड फुलावर येतं,
फुलावर आलं की पान जून,
जून पान कोण घेतं?
माझी खोली त्याच ओळीच्या शेवटी.
भिंत प्लास्टिकची, वर काळी जाळी,
जाळीतून दिवे.
अंधाराचं एखादं कलम आहे का?

मा बाईंनी चारही पानं उलटली.
खोलीचं भाडं होतं, पगारातून कापायचं.
गॅसचं होतं. हातमोज्यांचंसुद्धा होतं.
अंधाराचं नव्हतं.
पण ‘राहण्यायोग्य’ असा एक शब्द होता,
बाई त्यावर बराच वेळ थांबल्या,
आणि पेन्सिलनं खाली रेघ ओढली.

निकाल लागला तो थंडीत.
मागितलं त्यातलं निम्म्याहून जरा जास्त,
आणि मालकाच्या सहीवाचून जागा बदलायची मुभा.
उरलेल्या निम्म्याचं काय, तिनं विचारलं.
या वाक्याचं भाषांतर मी पाचव्यांदा करत होते.

नवी जागा स्ट्रॉबेरीची. मालकीण बे बाई, पायात गमबूट,
घाईत. सही इथं, म्हणाल्या, इथं आणि इथं.
थावरी खुर्चीत बसली
आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.
ओळ संपली की बोट परत डावीकडे,
जसं वाफ्यातून परतावं.
बाहेर ट्रक चालू ठेवलेला. बे बाई मला म्हणाल्या,
हिला वाचता येतं ना नीट?
येतं म्हणूनच, मी म्हटलं,
आणि जीभ चावली. तोंडाचा पगार.

कलम पाचवर बोट थांबलं.
मी घसा साफ केला.
पण तिनं मान वर करून स्वतःच विचारलं,
कोरियनमध्ये, उच्चार थोडा वाकडा :
कुठं?

बे बाईंनी शेडच्या टोकाकडे पाहिलं.
तिथं एक खुर्ची होती,
तिच्यावर खताची दोन पोती.